मैत्रिणीला पाठवा

बुधवारी सकाळी आंघोळ करताना चौकशीबाईंच्या हाताला डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. त्यांनी हात काढला आणि पुन्हा लावला. होतं. मग त्यांनी नळ बंद केला, जणू पाण्याच्या आवाजात नीट चाचपता येत नव्हतं, आणि तिसऱ्यांदा हात लावला. अजूनही होतं. तेवढ्यात नवऱ्याने दार वाजवून "अगं, माझी आठ-वीसची बस आहे!" अशी आरोळी ठोकली, आणि चौकशीबाई "आले, आले" म्हणत बाहेर आल्या.

अशा वेळी शहाणं माणूस डॉक्टरकडे जातं. पंधरा मिनिटांचं काम. चौकशीबाई तर इतक्या शहाण्या की अख्खी इमारत त्यांच्याकडे सल्ला विचारायला यायची. त्यांनी या पंधरा मिनिटांच्या कामाला पाच आठवडे लावले आणि त्यात सत्तावन्न बायका, चार पुरुषांची एक समिती, एक रबरी नमुना आणि पार्किंगमधले दोन कर्णे गुंतवले. ते कसं, हे नीट पहिल्यापासून सांगितलं पाहिजे.

चौकशीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका भल्यामोठ्या कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर त्या एकवीस वर्षं बसत होत्या, आणि खिडकीवर 'चौकशी' असं लिहिलेलं होतं. पाठीमागच्या भिंतीवर पाटी होती: 'चौकशी स्वतःच करावी. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या चौकशीस उत्तर दिले जाणार नाही.' ही पाटी कोणी, कधी आणि का लावली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण चौकशीबाईंनी ती प्राणपणाने पाळली. दिवसातून दहा माणसं काचेपाशी यायची आणि इकडेतिकडे बघत पुटपुटायची, "माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं..." चौकशीबाई मान वर न करता म्हणायच्या, "मित्राला पाठवा." दहांतले नऊ जण स्वतःच आपले मित्र असतात, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. तरी नियम तो नियम. "आणि मोठ्याने बोलत जा, काचेतून ऐकू येत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य.

तर अशा बाईंना स्वतःचा एक प्रश्न विचारायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं.

इमारतीच्या तळमजल्यावर डॉक्टर होता. पण तो पडला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा. चौकशीबाईंनी त्याला पाढे शिकवले होते, त्याचं नाक पुसलं होतं, आणि नऊ साते किती हे त्याला चौथीपर्यंत येत नव्हतं हे त्या विसरल्या नव्हत्या. त्याच्यासमोर हे काढायचं? शिवाय त्याचा कंपाउंडर. तो दवाखान्याच्या दुसऱ्या टोकावरून "तुमचं काय? जुलाब का?" असं साऱ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारणारा. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं, तर कुठे चाललीस ते घरी सांगणं आलं. आणि घरी नवरा. बायकोला ताप आला की थर्मामीटर वाचून स्वतः आडवा होणारा तो गृहस्थ. तरी एका संध्याकाळी त्यांनी धीर केला.

"अहो, जरा बोलायचं होतं."

"फ्रीजचं ना? सांगितलंय मी त्याला. परवा येतो म्हणाला."

"हो," चौकशीबाई म्हणाल्या, "फ्रीजचंच."

खरं कारण मात्र ना डॉक्टर, ना कंपाउंडर, ना नवरा. खरं कारण असं, की त्या घाबरल्या होत्या. ज्याचं नाव अजून घेतलं नाही ते अजून झालेलं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनाने धरलं होतं. दिवसभर त्या लोकांना खडसावायच्या आणि संध्याकाळी बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायच्या.

मग एक दिवस ऑफिसच्या फलकावर त्यांना एक कागद दिसला. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर महिलांना स्तनांची तपासणी स्वतःची स्वतः कशी करावी हे विनामूल्य शिकवायला येतील. सभागृहाची सोय आयोजकांनी करावी. किमान तीस महिला आवश्यक. चौकशीबाईंनी तो कागद दोनदा वाचला. गर्दीत बसायचं, सगळ्यांसाठी म्हणून ऐकायचं, आणि जाता जाता आपल्यापुरतं उत्तर हळूच उचलून आणायचं. फक्त तीस बायका जमवायच्या आणि एक हॉल मिळवायचा. त्या क्षणी त्यांना हे डॉक्टरकडे जाण्यापेक्षा सोपं वाटलं, यावरून त्या किती घाबरल्या होत्या याचा अंदाज यावा.

सोसायटीचा हॉल सेक्रेटरींच्या ताब्यात. सेक्रेटरी जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, आणि छापील अर्जाशिवाय श्वास न घेणारे. अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यापुढे चार पर्याय होते: लग्न, वाढदिवस, शोकसभा, इतर.

"वहिनी, 'इतर'मध्ये नेमकं काय लिहू?" त्यांनी पेन उघडून विचारलं.

"स्तनांच्या तपासणीची माहिती."

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण खाली पाडलं आणि ते शोधायला टेबलाखाली बराच वेळ राहिले. वर आले तेव्हा कान लाल झाले होते. "म्हणजे... आरोग्य."

"आरोग्य म्हटलं तर लोकांना दातांचं वाटेल."

"मग महिलांचे आरोग्य. कंसात, वरचा भाग."

"डोकंही वरच असतं, सेक्रेटरीसाहेब."

सेक्रेटरींनी 'इतर'वर खूण केली, पुढची जागा कोरी ठेवली, आणि 'इतर'ला समितीची मंजुरी लागते असं सांगून काखा वर केल्या. समितीत ते धरून चार पुरुष. तासभर बैठक चालली, आणि त्या तासात तो दोन अक्षरी शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. 'तो विषय' म्हणूनच सगळी चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, "त्या विषयाला विरोध नाही, पण तो विषय प्रत्येकीने आपापल्या घरी हाताळलेला बरा." आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते पाणी प्यायले. दुसऱ्यांनी नियमावली काढली. हॉलमधल्या प्रत्येक कार्यक्रमाला समितीचा एक सदस्य हजर हवा, कलम सात. चौघांची पाचावर धारण बसली. एकाला त्या दिवशी गावाला जायचं होतं, दुसऱ्याला रक्तदाब होता, तिसऱ्यालाही ऐनवेळी रक्तदाब झाला. शेवटी सेक्रेटरींनी आपला बळी दिला. ते हॉलच्या दाराबाहेर खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून, पार्किंगकडे तोंड करून हजर राहतील, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

नोटीसही त्यांनीच काढली. चौकशीबाईंनी हट्ट धरला म्हणून पूर्ण शब्द लिहिला, पण इतक्या बारीक अक्षरात की औषधाच्या बाटलीवरची सूचना बरी. ही नोटीस लिफ्टजवळ लागली. शेजारीच पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस होती. पुढचा आठवडाभर बायका टाकीच्या नोटिशीसमोर उभ्या राहून मान तिरकी करून वाचत होत्या, आणि कोणी आलं की टाकीबद्दल बोलत होत्या. पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीत एवढी आस्था त्याआधी कधी दिसली नव्हती.

मग तीस नावं. चौकशीबाई वही घेऊन दारोदार फिरल्या. पहिल्याच दारात उत्तर मिळालं, "असलं काही शोधायला गेलं की सापडतं हो. न शोधलेलं बरं." दुसऱ्या दारात, "आमच्या घराण्यात हे नाही." जणू घराण्याने ठराव केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "माझा मुलगा डॉक्टर आहे, मला काय होणार?" चौथीने आपल्याला वेळ नसल्याचं इतका वेळ सांगितलं की तेवढ्यात तपासणी होऊन गेली असती. जिने मोजक्या शब्दांत "येते" म्हटलं, तीही पुढे म्हणाली, "माझ्यासाठी नाही. नणंदेला सांगता येईल म्हणून." यादी वाढत गेली, पण ती सगळी नणंदा, जावा, बहिणी आणि मैत्रिणींच्या वतीने. पाटी आठवून चौकशीबाईंना हसू येई आणि लगेच लाज वाटे, कारण आपण तरी दुसरं काय करत होतो!

चौथ्या मजल्यावर मोठ्या बाई राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी दारातच वही हातातून घेतली, तीत रेघा आखलेल्या नाहीत म्हणून कपाळाला हात लावला, आणि अध्यक्षपद स्वीकारलं. ते कोणी देऊ केलं नव्हतं.

"प्रास्ताविक मी करीन. हजेरी मी घेईन. शिस्त मी बघेन."

"आणि तपासणी शिकायला बसाल ना, बाई?"

"मला काय धाड भरलीय? अडतीस वर्षांत एक किरकोळ रजा नाही माझी."

एकोणतीस नावं झाली आणि यादी तिथेच अडली. संध्याकाळी स्वयंपाकघरात सासूबाई भाजी निवडत होत्या. वय वर्षं एकाहत्तर. चौकशीबाईंनी त्यांना मुद्दामच विचारलं नव्हतं, त्या कानांवर हात ठेवतील म्हणून.

"एक कमी पडतेय म्हणे," सासूबाई भाजीवरून नजर न काढता म्हणाल्या. "मला धर."

"आई, विषय माहीत आहे ना?"

"टाकीची नोटीस वाचून आलेय मी," सासूबाई म्हणाल्या.

इथवर सगळं सुरळीत म्हणायचं. पण कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सिस्टरांचा फोन आला. शिकवण्यासाठीचा स्तनाचा रबरी नमुना दवाखान्याच्या भांडारातून आयोजकांनी सही करून न्यायचा आणि सही करून परत द्यायचा, अशी पद्धत होती. चौकशीबाईंनी तो सकाळी पुठ्ठ्याच्या खोक्यात घेतला आणि तसाच ऑफिसला नेला. ऑफिसच्या फाटकावर पहारेकरी. एकवीस वर्षं त्याने त्यांचा डबासुद्धा कधी उघडून पाहिला नव्हता, पण त्याच आठवड्यात खोकी तपासण्याचं परिपत्रक निघालं होतं. त्याने खोकं उघडलं. बंद केलं. सलाम केला. मग नोंदवही पुढे ओढून तो 'वस्तूचे वर्णन' या रकान्यापाशी थांबला. मागे रांग वाढत होती.

"बाई, काय लिहू?"

"शैक्षणिक साहित्य," चौकशीबाई करारी आवाजात म्हणाल्या.

"किती?"

"नग एक."

पहारेकऱ्याने 'नग एक' लिहिलं आणि सहानुभूतीने पुन्हा एकदा सलाम केला. त्या दुसऱ्या सलामाने चौकशीबाईंच्या एकवीस वर्षांच्या इभ्रतीला जो ओरखडा गेला तो बरेच दिवस भरून आला नाही.

घरी आल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं आणि नमुना पलंगावर ठेवला. सोबत सूचनांचा कागद होता. बोटांचं टोक नव्हे, तीन बोटांच्या पेरांचा सपाट भाग. लहान लहान वर्तुळं. काखेपर्यंत. नमुन्यातली गाठ त्यांना मिनिटात सापडली. मग त्यांनी स्वतःची शोधली. मग पुन्हा नमुन्यातली. दोन्हींत फरक आहे की नाही, आणि असला तर तो चांगला की वाईट, हे काही केल्या कळेना. शेवटी त्यांनी नमुना खोक्यात घातला आणि खोकं कपाटात, नवऱ्याच्या स्वेटरांमागे सरकवलं. उन्हाळ्यात तिथे कोण जाणार! पण त्याच संध्याकाळी नवऱ्याला जुनी छत्री आठवली. तो कपाटातून बाहेर आला तो गप्प. जेवताना गप्प. शेवटी ताट उचलताना हळूच म्हणाला, "ते... आपलंच आहे का?"

"सरकारी आहे," चौकशीबाई म्हणाल्या. "परत द्यायचंय."

नवऱ्याला हायसं वाटलेलं दिसलं.

शनिवारी दुपारी तीस नव्हे, सत्तावन्न बायका आल्या. नोटीस वाचता न आल्यामुळे उत्सुकता वाढली असावी. मोठ्या बाईंनी वहीत रेघा आखून हजेरी घेतली आणि उशिरा आलेल्या दोघींना कारण विचारलं. सेक्रेटरींच्या सूचनेनुसार खिडक्या घट्ट लावल्या, पडदे ओढले, दार बंद केलं. बाहेर सेक्रेटरी पाठ करून हजर झाले. सिस्टर ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आवाज खणखणीत. त्यांनी माईक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात तो शब्द दोनदा वापरला.

आता हॉलच्या ध्वनिक्षेपकाला एक बटण होतं. ते दाबलं की आवाज पार्किंगमधल्या दोन कर्ण्यांवर जायचा. पाणी बंद राहणार असल्याची घोषणा त्यावरूनच व्हायची. त्या सकाळी सेक्रेटरींनी 'गाड्या रेघेत लावा' अशी घोषणा केली होती आणि बटण तसंच ठेवलं होतं. पडदे, दारं, खिडक्या बंद असल्याने आत कोणाला पत्ता नाही. बाहेर मात्र आयुष्यभर जो शब्द सेक्रेटरींनी तोंडातून काढला नव्हता, तो दोन कर्ण्यांतून, थोड्या प्रतिध्वनीसह, त्यांच्या अंगावर येऊन आदळू लागला. बटण आत, सिस्टरांच्या टेबलावर. आत जायची सोय नाही. त्यांनी दार किलकिलं केलं आणि डोळे घट्ट मिटून हाका मारल्या, "वहिनी! अहो वहिनी!" चौकशीबाईंना वाटलं, किल्ली मागताहेत. त्यांनी हाताने 'नंतर' अशी खूण केली, जी मिटल्या डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं, आणि मोठ्या बाईंनी शिस्त म्हणून दार लावून आतून कडी घातली.

पाऊण तास. आरशासमोर कसं उभं राहायचं, आकारात, त्वचेत काय बदल बघायचे, महिन्यातून एकदा, पाळीनंतर काही दिवसांनी, पाळी गेली असेल तर एक तारीख ठरवून. बहुतेक गाठी साध्या असतात, पण साधी की नाही हे घरी ठरत नाही, दवाखान्यात ठरतं. सोसायटीतल्या पुरुषांना एवढं सविस्तर ज्ञान आजवर कोणी दिलं नव्हतं. निघून जावं तर ऐकत होतो हे कबूल केल्यासारखं, थांबावं तर त्याहून वाईट. मग प्रत्येकाने फडकं घेतलं आणि गाडी पुसायला सुरुवात केली. चौकशीबाईंचा नवरा स्कूटर पुसत होता.

आत सिस्टर म्हणाल्या, "आता प्रश्न विचारा." सत्तावन्न बायका गप्प. सिस्टरांना याची सवय असावी. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि बिस्किटांचा रिकामा डबा फिरवला. नावं नकोत. याच क्षणासाठी हा सगळा उपद्व्याप. चौकशीबाईंनी हात आडवा धरून चिठ्ठी लिहिली, आठ घड्या घातल्या आणि डब्यात टाकली.

सिस्टरांनी पहिली चिठ्ठी उघडली. "माझ्या एका मैत्रिणीला एका बाजूला दुखतं..." दुसरी. "माझ्या मैत्रिणीला काखेत..." तिसरी मैत्रीण. चौथी मैत्रीण. अकराव्या मैत्रिणीला सिस्टर थांबल्या. "या सोसायटीत मैत्रिणींची तब्येत फार नाजूक दिसते," त्या म्हणाल्या, आणि हॉल पहिल्यांदा मोकळेपणी हसला. मग त्यांनी बारावी, आठ घड्यांची चिठ्ठी उलगडली.

"'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, एका मैत्रिणीस डाव्या बाजूस वाटाण्याएवढी गाठ आढळून आली असून, सबब पुढील कार्यवाहीबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.'"

लिफ्ट बंद पडल्यावर, दूध उशिरा आल्यावर, शेजारच्या कुत्र्याबद्दल, प्रत्येक वेळी 'सबब' आणि 'कार्यवाहीबाबत' असं लिहिणारी बाई अख्ख्या इमारतीत एकच होती. छप्पन्न बायकांनी छप्पन्न दिशांना बघितलं. कोणी पंखा बघितला, कोणी पडद्याची शिवण. चौकशीबाईंना वाटलं, बरं झालं, कोणाला कळलं नाही. पार्किंगमध्ये एक पुरुष स्कूटर पुसता पुसता थांबला.

सिस्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. आवाज जरा मऊ झाला होता. "हे बघा, दुसरीच्या वतीने मी काही सांगू शकत नाही. हात लावल्याशिवाय, तपासल्याशिवाय नाही. गुरुवारी दवाखान्यात मी आहे, डॉक्टर बाई आहेत. मैत्रिणीला पाठवा."

एकवीस वर्षं जे वाक्य काचेच्या अलीकडून म्हटलं, ते पलीकडून ऐकायला कसं लागतं हे चौकशीबाईंना त्या दिवशी कळलं. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझी मैत्रीण फार सरकारी लिहिते गं," त्या पुटपुटल्या. "गुरुवारी मी येते तिच्याबरोबर."

बायका बाहेर आल्या तेव्हा पार्किंगमध्ये वीसेक पुरुष चकचकीत गाड्या पुसत उभे होते. एक जण तर दुसऱ्याचीच पुसत होता. सेक्रेटरी खुर्चीत ताठ, डोळे मिटून, अजून हजर.

घरी नवऱ्याने स्वतः चहा केला. कप पुढे ठेवून तो म्हणाला, "तुझी ती मैत्रीण. तिच्या नवऱ्याला माहीत आहे का?"

"नाही," चौकशीबाई म्हणाल्या.

"का नाही?"

"सांगायला गेली होती. तो फ्रीजचं बोलत होता."

नवऱ्याने कपाखालची बशी सरळ केली. मग नाक ओढून म्हणाला, "गाढव आहे तो. गुरुवारी त्याने रजा टाकलीय." आणि चौकशीबाई, ज्या पाच आठवडे रडल्या नव्हत्या, त्या चहात पाणी पडेपर्यंत रडल्या. नवरा त्या दिवशी आडवा झाला नाही. शेवटपर्यंत उभा होता.

गुरुवारी दवाखान्याच्या नोंदणीच्या खोलीत पाऊल टाकलं, तर बाकांवर निम्मी सोसायटी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, 'आमच्या घराण्यात नाही'वाल्या, वेळ नसलेल्या, सगळ्या. प्रत्येक बाई दुसरीबरोबर आलेली. "मी हिच्या सोबतीला." "छे, मीच हिच्या सोबतीला." मोठ्या बाई हजेरी घ्यायला आल्या होत्या, वहीसकट. खिडकीत एक कंटाळलेली बाई मान वर न करता बसली होती, आणि खिडकीसमोर कोणीही नव्हतं. "आधी तुम्ही." "नाही नाही, आधी तुम्ही."

चौकशीबाईंनी त्या खिडकीकडे बघितलं. खिडकी त्यांना ओळखीची होती. त्या उठल्या. सहा पावलांचं अंतर होतं, ती सहाही त्यांनी मोजून टाकली.

"कोणासाठी?" आतल्या बाईने विचारलं.

चौकशीबाईंनी पदर सारखा केला.

"माझ्यासाठी," चौकशीबाई म्हणाल्या. आणि काचेतून ऐकू गेलं नसेल म्हणून, खिडकीच्या नियमानुसार, पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "माझ्यासाठी!"

मागे बाक सरकले. त्यांनी वळून बघितलं तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती.

डॉक्टर बाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला. पाण्याची गाठ. साधी. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि दर महिन्याला हात लावत जा, घाबरू नका. नवऱ्याने हे ऐकलं आणि मग मात्र तो आडवा झाला. सिस्टरांनी त्याला पाणी दिलं.

सोळा जणी तपासल्या गेल्या, सासूबाई धरून. पंधरा जणी हसत घरी गेल्या. सोळाव्या मोठ्या बाई. त्या वही घेऊन निघाल्या होत्या, पण सिस्टर म्हणाल्या, "आलाच आहात तर." त्यांची गाठ साधी नव्हती. पण लहान होती, वेळेत सापडली होती. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले, आणि त्या घरी परतल्या तेव्हा वॉर्डमधल्या तक्त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुकांची दोन पानी यादी बरोबर होती. चौकशीबाई भेटायला गेल्या तर मोठ्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि खूप वेळ सोडलाच नाही. शेवटी म्हणाल्या, "तू वहीत रेघा आखत जा गं."

आता एवढंच सांगायचं राहिलं. त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी, कामाच्या ऐन गर्दीत, खिडकी क्रमांक चारसमोर सेक्रेटरी उभे राहिले. टोकन घेऊन, रीतसर रांगेतून आले होते. कान आधीच लाल.

"वहिनी, माझ्या एका मित्राच्या..." त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांची नजर पाठीमागच्या पाटीवर गेली. ते थांबले. चौकशीबाईंनी मान वर केली. एरवी त्या करत नसत.

"बोला, सेक्रेटरीसाहेब."

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला. काचेतून ऐकू येत नाही," चौकशीबाई म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या, मुद्दाम नाही.

सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली. "माझ्या बायकोने," ते म्हणाले, आणि एकदा सुरू झालेला आवाज त्यांना आवरेना, "माझ्या बायकोने अजून स्तनांची तपासणी करून घेतलेली नाही! त्या दिवशी आली नाही, गुरुवारीही आली नाही! मी सगळं ऐकलंय, कर्ण्यावर! मला काळजी वाटते! मी काय करू?"

आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. सात खिडक्यांची कामं थांबली. एकवीस वर्षांत इतका स्पष्ट प्रश्न चौकशीबाईंना कोणी विचारला नव्हता. नियमाने बघायचं तर चौकशी दुसरीच्याच वतीने होती. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, उभ्या राहिल्या, आणि पाटीसमोर अशा उभ्या राहिल्या की ती कोणालाच दिसू नये.

"संध्याकाळी मी आणि आई घरी येतो वहिनींकडे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आम्ही दोघी त्यांच्याबरोबर जाऊ. तुम्हीही रजा टाका."

सेक्रेटरींनी रुमालाने कपाळ पुसलं आणि ते बाजूला झाले. त्यांच्या मागे फायलींचा गठ्ठा घेतलेली एक अनोळखी बाई उभी होती. ती काचेपाशी आली, तिने मागे वळून बघितलं, आणि ती खाली वाकली.

"ते गुरुवारचं काय म्हणालात? माझ्या एका मैत्रि..."

चौकशीबाईही खाली वाकल्या. नुसत्या बघत राहिल्या, हसऱ्या डोळ्यांनी.

"माझ्यासाठी," बाई म्हणाली.